चवीच्या रजिस्टरातली सही

मंदे, काल तुही तेरवी झाली. अख्खं गाव जेवून गेलं. पंगत उठाच्या आधी मी त्याईचा असा समाचार घेतला की तू असती तं तोंडाले पदर लावून हासली असती, अन् घरी जाता जाता मले म्हटलं असतं, "कुसुमबाई, जरा जास्तच झालं व." जास्त नाई झालं. मले तं अजून कमीच वाटून राह्यलं. पण त्यातला एक फटका फिरून माह्याच तोंडावर बसला, तेही तुले सांगाचं हाय. ते शेवटी सांगीन. आधी मले रागानं बोलू दे. राग हाय तोवर मी उभी हाय.

तू गेली तेव्हापासून जो येते तो एकच बोलते, बिचारी सुटली. मले हे ऐकलं की अंगाची आग होते. सुटली म्हणजे काय? तुले कोणी खुट्याले बांधलं होतं काय? तुले जगाचं होतं. इंजेक्शन घेऊन आली की तू भिंतीवरच्या कॅलेंडरात पुढच्या महिन्याच्या तारखेले पेनानं गोल करे. अखरीचा गोल अजून तसाच हाय. ते पान उलटाची तुह्या मालकाची, रामदासभाऊची, हिंमत नाई अन् माहीही नाई.

चौदा वर्सं आपण दोघीईनं शाळेच्या त्या टिनाच्या खोलीत पोट्ट्याईची खिचडी रांधली. रांधलं कमी, भांडलो जास्त. मी म्हणो मीठ बरोबर हाय, तू म्हणे कमी हाय. तू हालवाच्या सराट्यावरची थोडीशी खिचडी डाव्या तळव्यावर घे, फुंकर मारे, जिभेवर ठेवे अन् डोळे मिटून उभी राहे. मंग चवीचं रजिस्टर ओढे. पोट्ट्याईले वाढाच्या आधी रांधणारीनं अन् एका मास्तरानं खाऊन पाहाचं, अन् कशी लागली ते रजिस्टरात लिवून सही कराची, असा नेम हाय. मले सकाळी खाल्लं की मळमळे, म्हणून चवीचं काम तुह्यावर पडलं. चौदा वर्सं त्या रजिस्टरात रोज पयली सही तुही.

एकदा तू त्यात लिवलं, "आज मीठ जास्त झालं. चूक माही हाय." हेडमास्तर सर डोकं धरून बसले. म्हणे, बाई, हे रजिस्टर वरचे लोक पाहतात, यात चव चांगली असंच लिहायचं असते. तू म्हटलं, मंग माही जीभ कायले पाह्यजे, शिक्काच बनवून आणा ना. मी तेव्हा पोट धरून हासली होती. रजिस्टरात खोटं लिवाचं नाई, हा तुहा हट्ट. मी तुले म्हणो, इतकं खरं बोलून तू कुठी जाशीन? तू म्हणे, कुठी नाई, इथीच राहीन, तुह्या डोक्यावर मिरे वाटत. ते तरी कुठी केलं तू.

त्या चौदा वर्साईत तू लंबा खाडा केला तो एकदाच, गर्भाची पिशवी काढली तेव्हा. तुह्या अंगावरून इतकं जाये की चुलीपाशी बसल्या बसल्या तू पांढरी पडे. पिशवीत गाठी निघाल्या. साध्या गाठी, बऱ्याच बायाईले राहतात, घाबराचं कारण नाई, असं सांगतलं. ऑपरेशन झालं, गाठी तपासाले गेल्या, साध्याच हाय म्हणून कागद आला. तू तो कागद पन्नीत गुंडाळून तांदळाच्या कोठीत खाली दाबून ठेवला, अन् दोन महिन्यानं परत सराटा हातात घेतला. पिशवी गेली, पीडा गेली, असं आपण समजलो.

मंग यंदा होळीच्या आधी गावात छातीचे फोटो काढाची गाडी आली. तुले तेव्हा बारीक खोकला होता. हापशीवरून पाण्याची गुंडी आणली की दम लागे. रांधणाऱ्या बायाईनं फोटो काढून घ्यावा म्हणून सर म्हणे, आपण दोघी गेलो. माहा साफ निघाला. तुह्या फोटोत दोन्ही फुप्फुसाईत गोल गोल पांढरे डाग, काही चण्याएवढे, एक तं लिंबाएवढा. थुंकी तपासली, त्यात टीबी नाई निघाला. दुसऱ्यांदा तपासली, तरी नाई निघाला. पण थुंकीचा कागद गावात कोणी वाचला नाई. फोटो मात्र सगळ्याईनं उन्हात धरधरून पाह्यला.

तू वाघाले भेली नोती. मोहफूल वेचाले गेली तं पंधरा हातावर वाघ उभा. तू टोपलं डोक्यावर धरून उलट्या पावलानं मागं मागं आली, अन् घरी येऊन आधी मोहफूल वाळत घातले, मंग सांगतलं. त्या बाईले एका अर्जानं खाली बसवलं. शाळा समितीच्या अध्यक्षानं तो अर्ज केला. त्याचं नाव मी घेत नाई, तुह्याशी बोलताना त्याचं नाव कायले? अर्जात लिवलं की मंदाबाईले लागण होणारा रोग हाय, ती जिभेनं चव घेते, म्हणून तिले शाळेतून कमी करावं. खाली अकरा सह्या. वरून कोणी विचारलं नाई, तपासलं नाई. सर म्हणे, गावाची मर्जी हाय, मी काय करू.

दुसऱ्या दिवशी तुले शाळेच्या फाटकावरच थांबवलं. तू ज्या मोठ्या गंजात खिचडी शिजवे तो गंज, अन् तू घरून आणलेला तो सराटा, ज्याच्या दांड्यावर तुहं नाव कोरलं हाय, दोन्ही भंगारात काढले. पोट्टे रांगेत थाळ्या घेऊन पाहून राह्यले होते. तू भांडली नाई. एवढंच विचारलं, "आजची चव कोण घेईन?"

मी तिथंच उभी होती, मंदे. तशीच आत जाऊन चूल पेटवली. अन् खरं सांगते, त्याच्या आठ दिवस आधीपासून मीही तुह्या हातचा चहा टाळून राह्यली होती. आत्ताच झाला म्हणो. एकदा नाई, तीनदा. तुले ते समजलं होतं, कारण चौथ्यांदा तू विचारलंच नाई. भंगारवाला आला त्या दिवशी मी तो गंज अन् सराटा त्याच्या ढिगातून उचलून घरी आणला अन् माचीखाली लपवला. काऊन आणला ते तेव्हा मलेही समजलं नाई.

पण त्यानंतर मी तुले एकटं सोडलं नाई, हे तू मान्य करशीन. चंद्रपूरच्या मोठ्या दवाखान्यात दर खेपेले तुह्यासंग मी. रामदासभाऊ तुहा मालक, भला माणूस, पण डॉक्टर समोर आला की त्याची वाचा बसते. तुहीही बसते. वाघापुढं चालणारी बाई, डॉक्टरापुढं माह्या पदराचं टोक धरून बसे. बोलाचं सारं मीच बोलो.

तिथची ती चष्मेवाली डॉक्टरीणबाई, तुह्या पोरीहून, प्राचीहून, चार-सहा वर्सानं मोठी असन. पयले तिचंही तोंड उतरलं. छातीतून सुईनं तुकडा काढला अन् तपासाले पाठवला. कागद येऊपर्यंत गावानं तुले कॅन्सर देऊन टाकला. टीबीवरून कॅन्सरवर याले गावाले एक एस.टी.ची फेरी पुरली. तुह्या अंगणातून जाणाऱ्या बाया पदर नाकाले लावून जात. तुही पोटची पोरगी नर्सिंगचं शिकून राह्यली, ती सांगे की कॅन्सर असता तरी लागत नाई, तं तिलेच म्हणत, लहान हायेस, तुले काय समजते.

मंग डॉक्टरीणबाईनं विचारलं की आधी कधी ऑपरेशन झालं होतं काय, त्याचा कागद हाय काय. तू म्हटलं, तांदळाच्या कोठीत हाय. तिले वाटलं तापात बरळून राह्यली. पुढच्या खेपेले आपण तो कागद नेला, पन्नी झटकली तं तिच्या टेबलावर तांदळाचे दाणे सांडले. तिनं जुना कागद अन् सुईचा कागद शेजारी शेजारी ठेवले, वाचले, परत वाचले.

"ही तीच गाठ आहे," ती म्हणाली. "तुमच्या पिशवीतली. साधी गाठ. कॅन्सर नाही, टीबी नाही, कोणाला लागत नाही. रक्तातून फुप्फुसात जाऊन बसली आहे एवढंच. फार थोड्या बायकांना असं होतं."

माह्या डोक्यात काई शिरलं नाई. साधी गाठ होय, तं अशी परगावाले काऊन गेली? अन् पिशवी तं कधीची काढून टाकली. पण तू चटकन समजली. तू माह्याकडं वळून म्हटलं, बाई, आपल्या बांधीतला धान पाण्यासंग धुऱ्यावरून वाहून जाते अन् दुसऱ्याच्या बांधीत उगवते, तसं हाय हे. उगवला भलत्या जागी, पण हाय धानच, तण नोय. डॉक्टरीणबाई म्हणे, मी आता पुढच्या पेशंटला असंच सांगणार. त्या दिवशी आपण बसस्टँडवर दोन दोन समोसे खाल्ले. तू म्हटलं, मीठ कमी हाय.

इलाजही होता. अंगातल्या ज्या रसावर त्या गाठी पोसतात तो रस बंद कराचं इंजेक्शन, दर महिन्याले. तेवढ्यानं नाई भागलं तं अंडाशय काढून टाकू, ती म्हणे. पाळीचं वय सरलं की अशा गाठी बहुतेक आपोआप सुकतात, तोवर सांभाळाचं. एकच गोष्ट तिनं बजावली. एकाएकी छातीत दुखलं, श्वास अडला, तं एक मिनिट घरी बसाचं नाई, जवळच्या दवाखान्यात पळाचं. इंजेक्शनानं तुह्या अंगातून वाफा निघत, तू पावसात अंगणात जाऊन उभी राहे. पण दसऱ्याच्या आधी फोटो काढला तं लिंबाएवढी गाठ बोराएवढी झाली होती. तू बरी होऊन राह्यली होती, मंदे. हे गावाले कोणी सांगाचं?

मी सांगाले गेली ना. तो कागद घेऊन अध्यक्षाच्या घरी गेली. तो झुल्यावर बसून होता. म्हणे, टीबी नाई, कॅन्सर नाई, तं मंग हाय काय? नाव सांग. कागदावरचं नाव इंग्रजीत, एका ओळीत न मावणारं. प्राचीकडून दोन दिवस पाठ केलं होतं, पण त्याच्यापुढं जीभ अडली. तो हासला. म्हणे, ज्या रोगाचं नाव तुले घेता येत नाई, त्याची जोखीम गावानं काऊन घ्यावी? कागद त्यानं हातातही धरला नाई. त्या दिवशी मी ठरवलं की या माणसाच्या हातून मी लिवून घेईन. कसं घेईन ते ठरलं नोतं, पण घेईन.

अन् मंग तो दिवस आला. धान कापणी सुरू होती, रामदासभाऊ बांधीत. सकाळी नऊची वेळ. शेजारची पोरगी पळत आली की मंदाकाकू उभीच्या उभी बसली, बोलता येऊन नाई राह्यलं. मी आली तं तू खांबाले टेकून, ओठ निळे, एक हात छातीवर. मी फोन केला, सरकारी गाडी दुसरा पेशंट घेऊन चंद्रपूरले गेली होती. गावात चारचाकी एकच, अध्यक्षाची. मी चप्पल न घालता पळाली. त्याची बायको, अध्यक्षीणबाई, दारातच उभी. म्हणे, गाडी बिघडली हाय. तिच्या मागं टिनाच्या सावलीत गाडी उभी, धुतलेली, टायरखालची जमीन अजून ओली. मी पायाच पडली तिच्या. ती म्हणे, बाई, आमचे लहान लेकरं बसतात त्या गाडीत, समजून घे.

मी समजून नाई घेतलं. जन्मभर घेणार नाई. धानाचे कट्टे वाहणारा ट्रॅक्टर मिळाला, ट्रॉलीत धानाचं तनीस टाकून तुले निजवलं. सिंदेवाहीच्या दवाखान्यात पोचाले दोन तास लागले, कारण तू धक्का बसला की डोळे फिरवे अन् ट्रॅक्टरवाला भेऊन हळू करे. तिथच्या डॉक्टरानं पाह्यल्या पाह्यल्या नळी टाकाची तयारी केली. गाठ फुप्फुसाच्या काठाशी होती, तिथून हवा फुटून छातीत भरली होती, असं त्यानं मंग सांगतलं. नळी टाकली तोवर तू गेली होती. तो माह्याकडं पाहून म्हणे, जरा आधी आणलं असतं तं... अन् पुढचं बोलला नाई. ते पुढचं मी रोज बोलते. तुले गाठीनं नाई मारलं. गाठ साधी होती. गावाचं भेव साधं नोतं.

अन् काल तेरवीले अध्यक्ष त्याच गाडीत बसून आला. दोन गल्ल्या दूर घर, तरी गाडीत. कडक पांढरे कपडे, हात जोडून म्हणे, मोठी चांगली बाई होती.

मी तयारच होती. भाड्यानं भांडे देणाऱ्या बिछायतवाल्याचे गंज मी परत पाठवले. रामदासभाऊले म्हटलं, रांधीन मी, भांडे माहे. माचीखालून तुहा गंज काढला, राखड अन् चिंच लावून तीनदा घासला. अख्ख्या गावाचं वरण तुह्या गंजात शिजलं अन् तुह्याच सराट्यानं हालवलं. प्राचीले फक्त माहीत होतं. फोडणी दिली अन् मी जन्मात पयल्यांदा तुह्यासारखं डाव्या तळव्यावर घेऊन चाखलं. मीठ कमी होतं, मंदे. खरंच कमी होतं. मी तिथंच बसून घटकाभर रडली, मंग मीठ टाकलं.

शाळेतलं चवीचं रजिस्टर मी शनिवारीच पिशवीत घालून आणलं होतं. अध्यक्षानं दोनदा वरण मागतलं, तिसऱ्यांदा वाटी पुढं केली तेव्हा मी विचारलं की चव कशी हाय. म्हणे, फस्टक्लास, कुसुमबाईच्या हाताले चव हाय. मी म्हटलं, तं मंग लिवून द्या, आमचा नेमच हाय. लोकं हासले. त्यालेही गंमत वाटली. हात पुसून त्यानं लिवलं, चव चांगली, अन् खाली ही मोठी सही ठोकली. मंग मी रजिस्टर पंगतीतून फिरवलं. अर्जावर सही करणारा एकेक माणूस मले पाठ होता. अध्यक्षीणबाईचीही घेतली. अर्जावरच्याईच्या दहा सह्या झाल्या.

मंग मी पंगतीच्या मधात उभी राह्यली अन् सराटा वर धरला. प्राचीले म्हटलं, दांड्यावर काय लिवलं हाय ते वाच. तिनं तुहं नाव वाचलं. मी म्हटलं, हा मंदीचा सराटा, तो मंदीचा गंज, तुमी भंगारात टाकलेला. त्यातलंच जेवले सारे अन् चव चांगली म्हणून लिवूनही दिलं. आता तिचा कागद ऐका. प्राचीनं दवाखान्याचा कागद मराठीत करून आणला होता, सावकाश वाचला. टीबी नाई. कॅन्सर नाई. लागण नाई. त्या रोगाचं लंबं नावही तिनं दोनदा वाचलं, एकदा माह्यासाठी.

अध्यक्षीणबाई ताट सारून परसात पळाली, अन् तिथून ओकारीचा आवाज आला. मले इतकं बरं वाटलं की काय सांगू. देवानं याच्यासाठी मले शिक्षा करावी, मी भोगीन. कोपऱ्यातल्या एका बुढ्यानं तेवढ्यात विचारलं, वरण उरलं असन तं वाढ ना व पोरी. त्याले मी दोन सराटे भरून वाढलं.

अध्यक्ष शांतपणे उठला. हात धुतले. जाता जाता माह्याजवळ थांबून, साऱ्याईले ऐकू जाईन असं बोलला, "दहाच सह्या झाल्या, कुसुमबाई. अर्जावर अकरा होत्या. सगळ्यात पयली कोणाची होती, तेही प्राचीले वाचाले सांग ना."

तं हे सांगाचं होतं, मंदे. आठ महिने तुह्या बाजूले बसून मले जे सांगता आलं नाई, ते त्यानं भर पंगतीत सांगतलं. पयली सही माही. तो अर्ज घेऊन आला तेव्हा मी चूल फुंकून राह्यली होती. म्हणे, तू तिच्यासंग रांधते, तुही साक्ष पक्की. नाई केली तं दोघीईलेही घरी बसवू. माहा नातू त्याच शाळेत खाते. तू खोकलत खोकलत गंजावर वाकली होती ते मले दिसून राह्यलं होतं. तीनदा चहा टाळलेला हात तो, चौथ्यांदा सहीले लवकर उठला. घाईत मी "कु" तेवढा काढला अन् पुढं रेघ मारली. भेवानं केली, नोकरीसाठी केली, दोन्हीसाठी केली. चंद्रपूरच्या प्रत्येक फेरीत वाटे, आज सांगते, बस मूल गावातून निघाली की सांगते. मूल गाव मागं जाये, सिंदेवाही ये, अन् तू माह्या खांद्यावर डोकं ठेवून झोपलेली राहे.

मी प्राचीकडं पाहूच शकली नाई. पंगत उठली, लोकं निघाले, काही हासतही होते. ती पोरगी माह्याजवळ आली, माह्या हातातला सराटा घेतला अन् धुवाच्या भांड्यात ठेवला.

"आईले माहीत होतं," ती म्हणाली. "सरांनी अर्ज दाखवला तेव्हाच तिनं तुमचा कु ओळखला. मले म्हणे, कुसुमबाईले बोलू नको. मले माहीत हाय हे तिले समजलं, तं ती शरमेनं माह्यासंग चंद्रपूरले याची नाई. अन् मले तिच्याबिगर डॉक्टरशी बोलता येत नाई."

मी विचारलं, आईनं मले माफ केलं होतं काय? प्राचीनं सराटा विसळला. म्हणे, ते काई बोलली नाई ती.

झालं मंदे? निघाला तुहा सूड? गावभर बदला घेत फिरली मी, अन् खरा बदला तू घेऊन गेली, मोठ्यानं एक शब्द न बोलता. आठ महिने माह्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली अन् तुले सारं माहीत होतं. शिव्या दिल्या असत्या तं मी खाल्ल्या असत्या. सराटा फेकून मारला असता तरी चाललं असतं. त्या समोश्याच्या दिवशी तरी बोलाचं होतं. आता मी कोणाशी भांडू? रात्रभर तुह्यावर चिडली, अन् मधातच आठवलं की तुले जगाचं होतं म्हणून तू मले संग ठेवलं. मले वापरून घेतलं तू, अन् बरं केलं. माहा तेवढा तरी उपयोग झाला.

आज सोमवार. शाळेत जाऊन आधी खिचडीची चव घेतली. रजिस्टरात कालच्या दहा सह्याईच्या खाली लिवलं, आज मीठ कमी झालं, चूक माही हाय. मंग सराईपुढं नवा अर्ज ठेवला. त्यात लिवलं की मंदाबाईले लागण होणारा कोणताही रोग नोता, दवाखान्याचा कागद सोबत जोडला हाय, अन् होळीच्या वेळच्या अर्जावर मी केलेली सही खोटी होती, भेवानं केलेली. तो जुना अर्ज फाइलीतून काढा, नाई तं हा त्याच्यावर लावा. सर म्हणे, बाई, यानं तुमचंच काम जाईल. मी म्हटलं, जाऊ द्या, चव घ्याले कोणीतरी खरी बाई ठेवा. त्याईनं शिक्का मारला अन् एक प्रत मले दिली.

पयली सही माहीच हाय, मंदे. या वेळी कु नाई. पूर्ण नाव लिवलं, मालकाच्या नावासकट, गावाच्या नावासकट. दुसऱ्या ओळीवर अध्यक्षाचं नाव मीच माह्या हातानं लिवून ठेवलं हाय अन् पुढं सहीची जागा रिकामी सोडली. आता तुहा तो कॅलेंडरवाला पेन घेऊन त्याच्या फाटकापाशी बसाले जाते. सही होऊपर्यंत उठत नाई. शाळेतून येता येता पाह्यलं, गाडी दारातच उभी हाय, अन् आज ती बिघडलेली नाई, पण तिचं चाक माह्या अंगावरून गेल्याबिगर ती फाटकाच्या बाहेर निघत नाई.